टीव्हीवर चित्र स्वच्छ, लॅपटॉपवर फडफड: पॅनेल बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांचा लॅपटॉप, इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज काढून उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकल्याला दोन महिने झाले. काम मुद्रितशोधनाचं, त्यामुळे दिवसभर लिब्रेऑफिसमध्ये पानं वाचायची. पान स्थिर असताना स्क्रीन फडफडते, मधूनच खालच्या अर्ध्या भागात आडवा पट्टा चमकून जातो. व्हिडिओ बघताना मात्र काही होत नाही. एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडला तर टीव्हीवर चित्र एकदम स्वच्छ. दुकानदाराने तेवढ्यावरून "पॅनेल गेलंय" म्हणून साडेसहा हजार रुपये सांगितले. बदलावं का?

नाही, एवढ्यात बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात पॅनेल खराब असल्याचा एकही ठोस पुरावा नाही. उलट एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: व्हिडिओ चालू असताना फडफड होत नाही.

दुकानदार लबाड आहे असं माझं म्हणणं नाही. बाहेरचा मॉनिटर जोडून बघायची पद्धत जुनी आहे आणि बहुतेक वेळा उपयोगी पडते. बाहेर चित्र नीट आणि आत बिघडलेलं, म्हणजे ग्राफिक्स चिप ठीक आणि दोष पॅनेलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये, असा त्यामागचा हिशोब. पण लिनक्समधला ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम, आतल्या पॅनेलला आणि बाहेरच्या टीव्हीला सारखं वागवत नाही. वीज वाचवण्याच्या काही युक्त्या तो फक्त आतल्या पॅनेलवर वापरतो. त्या युक्तीतच गडबड असेल तर टीव्हीवर ती दिसणारच नाही. म्हणून या चाचणीने पॅनेल दोषी ठरत नाही आणि सुटतही नाही.

त्यापेक्षा चांगली चाचणी फुकट आहे. लॅपटॉप चालू करताना बायोसच्या, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्याही आधी जागा होणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये जा (एफ२, एफ१० किंवा डिलीट, तुमच्या मॉडेलला जी लागू असेल ती की) आणि तिथेच पंधरा-वीस मिनिटं थांबा. तोपर्यंत चहा घ्या, पण नजर स्क्रीनवर असू द्या. तिथे पॅनेल तेच, बिजागरीतून जाणारी केबल तीच, बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, तोही तोच. फक्त लिनक्स अजून जागं झालेलं नाही. तिथेही फडफडलं तर दोष हार्डवेअरमध्ये आहे, मग दुकानदाराकडे जायला हरकत नाही. तिथे वीस मिनिटं चित्र दगडासारखं स्थिर राहिलं तर साडेसहा हजार खिशातच ठेवा.

बायोसमध्ये बसल्या बसल्या स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करून बघा. ठरावीक कोनात आणल्यावरच चित्र जात-येत असेल तर बिजागरीजवळची डिस्प्ले केबल पिळवटली आहे किंवा कनेक्टर ढिला झालाय. हे काम पॅनेलपेक्षा बरंच स्वस्त. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर कनेक्टरच्या पिनांवर चढलेला गंज हेही कारण असू शकतं. केबल काढून, पिना साफ करून पुन्हा नीट बसवल्यावर वर्षानुवर्षं चाललेले लॅपटॉप मी पाहिलेत.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. माझा संशय ज्या गोष्टीवर आहे तिचं नाव पॅनेल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर. ती काय करते हे समजलं की तुमच्या फडफडीचा स्वभाव आपोआप उलगडेल.

साधी फुल एचडी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवली जाते. एका चौकटीत, म्हणजे एका वेळच्या पूर्ण चित्रात, १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट. म्हणजे एका चौकटीचे साधारण ६२ लाख बाइट आणि सेकंदाला ३७ कोटी. तुम्ही एकाच पानाकडे दोन मिनिटं बघत असलात तरी तेच पान ग्राफिक्स चिप मेमरीतून पुन्हा पुन्हा उचलून पॅनेलकडे पाठवत राहते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासाठी ही सरळ उधळपट्टी. म्हणून आतल्या पॅनेलच्या जोडणीचं जे मानक आहे, ईडीपी, त्यात अशी सोय आली की पॅनेलच्या स्वतःच्या सर्किटबोर्डावर थोडी मेमरी ठेवायची. चित्र बदलत नाही असं दिसलं की चिप म्हणते, "हे शेवटचं चित्र सांभाळ, मी जरा डोळा लावते." पॅनेल आपल्या मेमरीतलं चित्र दाखवत राहतं. माऊस हलला, अक्षर उमटलं, की चिप जागी होते, जोडणी पुन्हा चालू होते आणि नवं चित्र जायला लागतं. याच्या पुढच्या आवृत्तीत, पीएसआर-२ मध्ये, अख्खं चित्र न पाठवता फक्त बदललेला तुकडा पाठवता येतो.

घोळ होतो तो या झोपण्या-उठण्यात. जागं व्हायला पॅनेलला किती वेळ लागतो, कुठल्या क्रमाने काय करायचं, हे ड्रायव्हरला काही प्रमाणात पॅनेलकडून आणि काही प्रमाणात लॅपटॉपच्या बायोसमधल्या एका तक्त्यातून कळतं. त्यातला एखादा आकडा वस्तुस्थितीपेक्षा कमी असला, किंवा ड्रायव्हरने तो वेगळ्या अर्थाने घेतला, की नवं चित्र पोहोचायच्या आत जुनं चित्र सुटतं. डोळ्यांना दिसतो तो एक झटका. तुकडा पाठवताना असं झालं तर अर्ध्या स्क्रीनवर पट्टा. विंडोजवर हे जाणवलं नाही याचं कारण बहुधा एवढंच, की कंपनीने लॅपटॉप बाजारात आणताना त्या पॅनेलची आणि विंडोजच्या ड्रायव्हरची जोडी तपासून घेतली होती.

आता व्हिडिओचं कोडं सुटतं. व्हिडिओत चौकट सतत बदलते, त्यामुळे चिपला डोळा लावायची संधीच मिळत नाही. पीएसआर सुरूच होत नाही, मग फडफड कुठून येणार? मुद्रितशोधनात याच्या नेमकं उलट घडतं. पान मिनिटभर स्थिर, मग एक अक्षर बदललं, पुन्हा स्थिर. पीएसआरला याहून सोयीचं काम नाही.

अजून एक गोष्ट बघा, यासाठी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायचीही गरज नाही. लिब्रेऑफिसमध्ये कर्सर पानावर ठेवा आणि हात बाजूला घ्या. कर्सर उघडझाप करतो. ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, त्याचा एक फेरा १२०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे ६०० मिलिसेकंद दिसतो आणि ६०० लपतो. फडफड त्या तालावर होते का ते बघा. कर्सर दिसला की झटका, लपला की झटका. काही वेळ टाइप केलं नाही तर बऱ्याच ॲपमध्ये कर्सर उघडझाप थांबवून नुसता उभा राहतो. त्याच क्षणी फडफडही थांबली तर मला आणखी पुरावा नको. वरच्या पट्टीतल्या घड्याळात सेकंद दाखवायची सोय चालू केली असेल तर हाच ताल सेकंदाचा होतो. उलटी खात्री करायची तर कोपऱ्यात लहानशा खिडकीत एखादा व्हिडिओ चालू ठेवून नेहमीचं काम करा. व्हिडिओ चालू असेपर्यंत फडफड गायब आणि बंद केल्यावर परत, असं झालं तर गुन्हेगार सापडला.

आता तो बंद करून बघू. आज्ञा मी इथे उच्चारानुसार लिहितोय. टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत, डॉट आणि अंडरस्कोर जसेच्या तसे ठेवून, इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

आधी फक्त एका वेळेपुरतं करायचं. लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा. घाईत चार वेळा दाबलंत तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रिकाम्या काळ्या प्रॉम्प्टवर जाल. तसं झालं तर घाबरू नका, बंद करून पुन्हा चालू करा. मेनू दिसला की उबुंटूच्या ओळीवर थांबून ई दाबा. आलेल्या मजकुरात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ असते आणि तिच्या शेवटाकडे 'क्वायट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. त्यांच्यानंतर एक जागा सोडून लिहा: आय९१५.एनेबल_पीएसआर=०. मग एफ१० दाबा. हा बदल या एका बूटपुरता आहे. काही बिनसलं तर पुढच्या रीस्टार्टला सगळं पूर्ववत, म्हणूनच मी सुरुवात नेहमी इथून करायला सांगतो.

आय९१५ हे नाव विचित्र वाटेल. इंटेलचा ९१५ हा २००४ सालचा चिपसेट. ड्रायव्हरला तेव्हाचं नाव चिकटलं ते आजही तसंच आहे. मात्र अगदी नव्या, २०२४ नंतरच्या कोअर अल्ट्राच्या काही लॅपटॉपवर इंटेलचा एक्सई नावाचा नवा ड्रायव्हर चालतो. तिथे आय९१५ च्या जागी एक्सई लिहायचं, बाकी सगळं तेच. तुमच्या बाराव्या पिढीला आय९१५ च लागतो.

सिस्टीम चालू झाल्यावर आधी खात्री करा की आपण लिहिलेलं कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोहोचलं आहे. टर्मिनलमध्ये 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' दिलंत की ती ओळ दिसली पाहिजे. दिसली नाही तर टाइप करताना काहीतरी चुकलंय. कर्नलच्या नोंदीत 'डेंजरस ऑप्शन' असा शब्द असलेली एक ओळही येईल. तिने दचकू नका. ड्रायव्हरची मूळ सेटिंग कोणीतरी हाताने बदलली आहे, एवढंच तिला नोंदवायचं असतं. तुमच्या यंत्राला यात काही धोका नाही. स्थिर चित्रावर चिपला झोपता येणार नाही, त्यामुळे बॅटरी थोडी लवकर उतरेल, किंमत म्हणाल तर तेवढीच.

एक दिवस नेहमीचं काम करा. फडफड गेली तर बदल कायमचा करा. 'सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' देऊन फाइल उघडा, 'क्वायट स्प्लॅश' असलेल्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आतच एक जागा सोडून तेच शब्द लिहा, सेव्ह करा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. ही शेवटची आज्ञा बरेच जण विसरतात आणि मग बदल करूनही काही झालं नाही असं म्हणतात.

सगळंच बंद करण्याआधी मधला एक मार्ग बघण्यासारखा आहे. शून्याऐवजी १ लिहिलंत तर साधं पीएसआर चालू राहतं, पण तुकडे पाठवणारं पीएसआर-२ बंद होतं. तुमच्याकडे अर्ध्या स्क्रीनवर पट्टा येतो, त्यामुळे मला वाटतं १ नेच काम होईल आणि बॅटरीही वाचेल. तरी आधी ० ने निदान पक्कं करा, मग १ वर या.

हा उपाय जन्मभराचा नाही. ड्रायव्हरमधल्या अशा चुका दुरुस्त होत असतात. उबुंटू २४.०४ कर्नल ६.८ घेऊन आलं, फेब्रुवारी २०२५ मधल्या २४.०४.२ बरोबर ६.११ आलं आणि ऑगस्टमधल्या २४.०४.३ बरोबर ६.१४. तुमच्याकडे कुठलं आहे ते 'यूनेम -आर' सांगेल. नवं कर्नल आलं की ग्रबमध्ये ई दाबून ते शब्द एकदा काढून बघा. लॅपटॉप कंपनीने बायोसचं अपडेट दिलं असेल तर तेही घाला, कारण वर म्हटलेला तक्ता तिथेच असतो. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असू द्या. मध्येच वीज गेली तर यंत्र उठणार नाही.

पीएसआर बंद करूनही फडफड राहिली तर नोंदी बघायच्या. 'सुडो डीमेसेज' (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) देऊन त्यात 'अंडररन' हा शब्द शोधा. 'सीपीयू पाइप ए फिफो अंडररन' अशी ओळ दिसली तर प्रकार वेगळा आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं हे समजा. खालून पंप पाणी चढवतो, वरून नळाला सतत धार जाते. पंप क्षणभर मागे पडला आणि टाकी रिकामी झाली की नळ फुसफुसतो. चिपच्या आत पॅनेलकडे जाणाऱ्या ठिपक्यांची अशीच लहानशी टाकी असते आणि ती मुख्य मेमरीतून भरत राहते. मेमरी किंवा चिप वीज वाचवायला मंदावली आणि वेळेत जागी झाली नाही, की त्या क्षणी दाखवायला ठिपकेच नसतात. अशा वेळी आय९१५.एनेबल_एफबीसी=० करून बघा (मेमरीतलं चित्र आवळून ठेवण्याची सोय याने बंद होते), तेवढ्याने भागलं नाही तर आय९१५.एनेबल_डीसी=० (याने चिपच्या डिस्प्ले भागाची वीज वाचवणारी झोप बंद होते). एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर निदान अर्धा दिवस काम. इंटरनेटवरून गोळा केलेले सात पर्याय एकाच ओळीत घातलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात. फडफड थांबलेली असते, पण कशाने थांबली ते कोणालाच सांगता येत नाही. त्यातले पाच पर्याय विनाकारण बॅटरी खात बसलेले असतात.

तशीच एक जुनी सवय मोडा अशी माझी कळकळीची विनंती आहे. दहा वर्षांपूर्वीच्या सल्ल्यांत इंटेलचा वेगळा एक्स ड्रायव्हर टाका आणि '२०-इंटेल.कॉन्फ' नावाची फाइल बनवा असं असतं. नव्या चिपवर तो जुना ड्रायव्हरच चित्र बिघडवतो. खिडक्या स्क्रीनवर मांडणाऱ्या लिनक्सच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. आज एक्स११ मध्ये मोडसेटिंग नावाचा अंगभूत ड्रायव्हर हेच काम चांगलं करतो आणि वेलँडमध्ये तर त्या फाइलला कोणी विचारत नाही. ती फाइल कोणी बनवून ठेवली असेल तर काढून टाका. कुठला ड्रायव्हर चालू आहे ते 'इन्क्सी -जी' ही आज्ञा (आय-एन-एक्स-आय, पुढचा जी मात्र मोठ्या लिपीत) दोन ओळींत सांगते.

तुमच्यासाठी उत्तर बहुधा इथे संपतं. पण फडफड या एका शब्दाखाली लोक चार-पाच निराळे आजार घेऊन येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतात, म्हणून बाकीच्यांचंही सांगतो.

सगळ्यात आधी दोष चित्र बनवण्यात आहे की पोहोचवण्यात, हे वेगळं करायचं. यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंगसारखं साधन नाही. ग्नोममध्ये प्रिंट स्क्रीन दाबून व्हिडिओचा पर्याय निवडा, एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर बघा. फडफड रेकॉर्डिंगमध्येही उतरली असेल तर चित्र बनतानाच बिघडतंय, म्हणजे एखादं ॲप, डेस्कटॉप किंवा ड्रायव्हरचा रेखाटनाचा भाग. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर चित्र नीट बनलं आणि पुढे वाटेत बिघडलं: पीएसआर, केबल, पॅनेल, बॅकलाइट. एक पथ्य पाळा. रेकॉर्डिंग चालू असताना तुमच्या डोळ्यांना फडफड दिसलीच पाहिजे. रेकॉर्डरचं सेकंद मोजणारं घड्याळ स्क्रीनवर बदलत असतं, त्यामुळे पीएसआरची फडफड त्या वेळी बदलू शकते. त्या मिनिटात फडफडलंच नाही तर चाचणी झालीच नाही असं धरा.

फक्त क्रोम किंवा त्याच्याच पायावर बनलेली ॲप फडफडत असतील तर त्या ॲपच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा आणि बाकी सिस्टीमला हात लावू नका.

एनव्हिडियाचं कार्ड आणि वेलँड असेल तर फडफडीचा एक खास प्रकार असायचा: टाइप केलेलं अक्षर क्षणभर नाहीसं होऊन परत यायचं, खिडकीत आधीची चौकट डोकावायची. चिपचं रेखाटन पूर्ण झालंय की नाही हे डेस्कटॉपला नक्की कळत नव्हतं. भाजी शिजायच्या आतच ताट वाढायला घेतल्यासारखा तो प्रकार होता. २०२४ मध्ये एनव्हिडियाचा ५५५ क्रमांकाचा ड्रायव्हर, एक्सवेलँड २४.१ (वेलँडमध्ये जुनी ॲप चालवणारा भाग) आणि केडीई प्लाझ्मा ६.१ (ग्नोमसारखाच दुसरा डेस्कटॉप) या सगळ्यांनी 'झालं, आता उचल' असा स्पष्ट निरोप देण्याची पद्धत आणली आणि हा त्रास बहुतांशी संपला. त्यामुळे इथे कर्नलच्या पर्यायांशी खेळत बसू नका, ड्रायव्हर आणि डेस्कटॉप नवा करा. ते जमेपर्यंत लॉगिन करताना एक्स११ निवडून काम चालवा.

एएमडीच्या लॅपटॉपवर पीएसआरचा दोष असला तर पर्याय वेगळा आहे, एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०. स्क्रीन पांढरी पडत असेल तर एएमडीजीपीयू.एसजी_डिस्प्ले=०. आणि चार्जर काढल्यावर स्क्रीनचा उजेड किंवा रंग चित्राप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर तो बिघाडच नाही. बॅटरी वाचवण्यासाठी ड्रायव्हर मुद्दाम बॅकलाइट उतरवतो आणि रंगांनी भरून काढतो. एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=० ने ते थांबतं.

बॅकलाइटबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण यात लोक डोळ्यांचा त्रास महिनोन्महिने सहन करतात. कित्येक पॅनेल उजेड कमी करताना दिवे खरोखर मंद करत नाहीत. ते भराभर चालू-बंद करतात, आणि बंदचा वेळ वाढला की आपल्याला उजेड कमी वाटतो. वेग पुरेसा नसेल तर काहींना ते फडफडल्यासारखं दिसतं आणि काहींना दिसत नाही पण डोकं दुखतं. ओळखायला उजेड १०० टक्के करा. त्रास गेला तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर एक हजारांश सेकंदापेक्षा जलद ठेवून, घरातला दिवा बंद करून, पांढऱ्या स्क्रीनकडे बघा. कमी उजेडाला काळे पट्टे सरकताना दिसतात, पूर्ण उजेडाला ते जातात. घरातला दिवा बंद करायचा तो यासाठी, की आपली वीज ५० हर्ट्झची आणि बऱ्याच ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, मग कॅमेऱ्यातले पट्टे दिव्याचे की स्क्रीनचे ते कळत नाही. यावर कर्नलमध्ये सहसा उपाय नसतो. उजेड वर ठेवा आणि रंगांचा गडदपणा सॉफ्टवेअरने वाढवा. ज्यांना अर्धशिशीचा किंवा फिट्सचा त्रास आहे त्यांनी फडफडणाऱ्या स्क्रीनसमोर बसून चाचण्या करू नयेत, हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला करू द्या.

बाहेरच्या मॉनिटरची कहाणी निराळी. तिथे स्क्रीन एक-दोन सेकंद पूर्ण काळी होऊन परत येत असेल तर जोडणी तुटून पुन्हा जुळतेय. फोर-के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिट क्षमता लागते आणि जुनी किंवा लांब केबल तिथे दम टाकते. ३० हर्ट्झ करून बघा. काळं पडणं थांबलं तर केबल किंवा कन्व्हर्टर बदला, लिनक्सला दोष देऊ नका. खुर्चीवरून उठताना किंवा बसताना मॉनिटर काळा होतो असं कोणी म्हणालं तर हसू नका. गॅसवर वर-खाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीतून निघणारा विजेचा झटका केबलने पकडला जातो, हे या क्षेत्रात माहीत असलेलं कारण आहे. चांगल्या आवरणाची आखूड केबल लावली की बहुधा भागतं.

आणि अर्थिंग. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स मिंट चालणारे वीस संगणक होते. त्यातल्या फक्त खिडकीकडच्या रांगेत मॉनिटरवर अंधुक आडवा पट्टा वर सरकत राहायचा आणि मधूनच चित्र हलायचं. मिंट टाकल्यापासून सुरू झालं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी दोन दिवस कर्नल बदलण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पट्टा सकाळी नसतो, पाण्याची मोटर सुरू झाली की येतो. त्या रांगेच्या एक्स्टेन्शन बोर्डाची तिसरी, जाड पिन तुटलेली होती. सगळी रांग अर्थिंगशिवाय चालली होती आणि व्हीजीए केबल मोटरची सगळी घरघर पकडत होती. बोर्ड बदलला, पट्टा गेला. मिंट टाकण्याच्या सुट्टीतच टेबलं हलवताना ती पिन तुटली होती. तेव्हापासून लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं होतं असं कोणी सांगितलं की मी आधी सॉकेट बघतो. तुम्हीही चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर फडफड होते का ते एकदा बघून घ्या. एक मिनिटाचं काम आहे.

बायोसमधली वीस मिनिटं, कर्सरचा ताल, कोपऱ्यातला व्हिडिओ आणि पीएसआर=० लावलेला एक दिवस, एवढं करून काय दिसलं ते मला कळवा. बायोसमध्ये चित्र स्थिर आणि पीएसआर=० करूनही फडफड कायम, असं निघालं तर सोबत 'यूनेम -आर' चं उत्तर, 'सुडो डीमेसेज' ची पूर्ण नोंद आणि फोनने काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. पीएसआर=० ने फडफड गेली तर तीच माहिती लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलसह आय९१५ च्या विकासकांकडे, फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर (ड्रायव्हरमधल्या चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर) नोंदवायला मी मदत करतो. तुमच्यासारखंच पॅनेल असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी याच कारणासाठी साडेसहा हजार सांगितले जात असतील.